गव्हाची चव

शिक्षकाच्या आयुष्यात लाज वाटावी असे प्रसंग पुष्कळ येतात. फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले जाते, एखाद्या मुलाचे नाव ऐन वेळी आठवत नाही, तास संपल्याची घंटा कानी पडत नाही. पण सगळा वर्ग आपल्या बाजूने हसत असताना जी चूक घडते, तिची लाज फार उशिरा वाटते. मी ज्या प्रसंगाबद्दल लिहिणार आहे, तो या दुसऱ्या जातीचा आहे.

२०२५ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. साताऱ्यात पावसाची झड लागली होती आणि अजिंक्यतारा ढगांत बुडून गेला होता. सातवीच्या वर्गात मी श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवर बोलत होतो. साताऱ्याच्या मास्तराला हा विषय घरचाच वाटतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच गावचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, तेव्हा आमच्या गावातल्या कितीतरी घरांत आपलाच माणूस गेल्यासारखी शांतता पसरली होती. त्यांचे नाव घेऊन बोलताना माझा आवाज आपोआप चढतो. त्या दिवशीही तो चढला.

उदाहरण म्हणून मी एक ताजी बातमी सांगितली. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात विळक्कन्नूर नावाचे गाव आहे. तिथल्या ख्रिस्तराजाच्या चर्चमध्ये १५ नोव्हेंबर २०१३ रोजी मिस्सा चालू असताना प्रसादाच्या चकतीवर धर्मगुरूंना एक डाग दिसला. तो वाढत गेला, आणि त्यात येशूचा चेहरा आहे असे लोकांना दिसू लागले. चौकशी कित्येक वर्षे चालली. अखेर ३१ मे २०२५ रोजी पोपच्या भारतातील राजदूतांनी तिथे येऊन व्हॅटिकनची मान्यता जाहीर केली. एवढे सांगून मी थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मी पुढे म्हणालो, "उद्या आपल्या घरच्या पोळीवरच्या डागांतसुद्धा कोणी तरी पुढारी दिसायला लागतील!"

वर्ग खदखदून हसला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिचे पणजोबा गोव्याहून पाचगणीला एका वसतिगृहात स्वयंपाकी म्हणून आले होते. पुढे तिची आजी लग्न होऊन साताऱ्यात आली. हे सगळे मला ठाऊक होते. बोलताना ते आठवले नाही, इतकेच.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्ही लहानपणी गणपतीला दूध पाजलं होतं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? तेव्हा तुम्हाला कोणी हसलं होतं का?"

मला उत्तर सुचले नाही.

कारण कोणीच हसले नव्हते! २१ सप्टेंबर १९९५ चा तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी तेव्हा सांगलीला नववीत होतो. गणपती दूध पितो आहे ही बातमी सकाळी कुठून तरी आली आणि दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या छोट्या देवळापुढे रांग लागली. मी आणि माझा थोरला भाऊ एका वाटीत दूध घेऊन दोन तास उभे होतो. आमची पाळी आली. दादाने चमचा सोंडेशी धरला. दूध हलके हलके नाहीसे झाले. दादाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. घरी आल्यावर आईने देवापुढे दिवा लावला आणि आम्हां दोघांना एकाच ताटात वाढले.

पुढे कळले की, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिले, तेव्हा ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना स्पष्ट दिसले. द्रवाच्या पृष्ठभागाला एक ताण असतो; चमचा टेकला की दूध त्या ताणाने मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ पापुद्र्यासारखे खाली उतरते. हे आता मी मुलांना स्वतः करून दाखवतो. पण दादाच्या डोळ्यांतले पाणी कोणत्या ताणाने आले होते, हे मात्र मी कधी कोणाला समजावून सांगितले नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. आजी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आजी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"आधी बसा हो मास्तर. पावसातनं आलात," त्या म्हणाल्या. नातीकडून त्यांना सगळे कळले होते. थोड्या वेळाने त्या हसून म्हणाल्या, "मला काही ते केरळातलं तोंड बघायला जायचं नाही. दर रविवारी जिभेवर मिळतं, त्याची चव गव्हाची असते. पन्नास वर्षं गव्हाचीच लागली. मांसाची लागली असती तर गिळलं नसतं मी!"

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि पुढचे तीन महिने त्याच्याशी झटत राहिलो. धर्मशास्त्र मी शिकलेलो नाही; जे काही मिळवले ते वाचून. पण जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आपल्या शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर मोडली आणि हे माझे शरीर आहे असे म्हणून ती शिष्यांना दिली. कॅथलिक पंथ या शब्दांचा अर्थ अक्षरशः घेतो. मिस्सामध्ये धर्मगुरूने ते शब्द उच्चारले की गव्हाच्या बिनखमिराच्या चकतीचे सत्त्व पालटते. रंग, वास, वजन, चव यांपैकी काहीही पालटत नाही. १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने हा सिद्धान्त मांडला आणि ट्रेंट येथील परिषदेने १५५१ साली तो पुन्हा पक्का केला. आपल्याला हे ऐकून नवल वाटते. पण आपल्याकडे तरी काय आहे? शाडूच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर तिचे वजन केले तर गुंजभराचाही फरक पडणार नाही. तरी काल जी मूर्ती दुकानातल्या फळीवर होती, तिच्यापुढे आज आपण पाय पसरून बसत नाही. दोन्ही श्रद्धा अगदी एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण दिसणे वेगळे आणि असणे वेगळे, हा विचार मराठी माणसाला परका नाही.

तेराव्या शतकात थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास याने प्रश्न विचारला होता: सत्त्व पालटते तर रूप का पालटत नाही? त्याने दिलेल्या कारणांपैकी एक असे की, माणसाला नरमांस खाण्याची किळस असते, म्हणून देवाने गव्हाचे रूप तसेच ठेवले. दुसरे कारण असे की, डोळ्यांना जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवण्यातच श्रद्धेचे मोल आहे. अक्विनासचे नावही न ऐकलेल्या साताऱ्यातल्या एका आजीने तांदूळ निवडता निवडता मला तेच सांगितले होते!

मग हे रक्ताचे आणि चेहऱ्याचे चमत्कार कशासाठी? आठव्या शतकात इटलीतल्या लान्चानो गावी एका साधूच्या मनात शंका आली, आणि भाकरीचे मांस व द्राक्षारसाचे रक्त झाले असे सांगतात. तिथे जपून ठेवलेले अवशेष ओदोआर्दो लिनोली या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १९७०-७१ मध्ये तपासले. ते मानवी हृदयाचे स्नायू आहेत आणि रक्त एबी गटाचे आहे, असे त्याने लिहिले. अर्थात ते मांस कुठून आले, हे कोणतीही भिंगे सांगू शकत नाहीत. १२६३ साली बोल्सेना गावी असाच एक शंकेने ग्रासलेला धर्मगुरू मिस्सा करीत होता. त्याच्या हातातल्या भाकरीतून रक्त ठिबकले आणि खालचे वस्त्र भिजले. ते वस्त्र आजही ओर्विएतोच्या भव्य चर्चमध्ये आहे, आणि राफाएलने त्या प्रसंगाचे चित्र व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगवले आहे.

या कथांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोल्सेनात काय किंवा लान्चानोत काय, चमत्कार झाला तो शंकेखोरापुढे. ज्यांना शंका नव्हती त्यांना गव्हाची चव पुरेशी होती. आपल्या संतकथांतही असेच नाही का? पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवावे लागले ते ज्ञानदेवांच्या समाधानासाठी नव्हे, तर समोर बसलेल्या पंडितांसाठी. नामदेवांच्या हातून विठ्ठलाने दूध घेतले ही कथा आपण लहानपणी ऐकली. पण त्या पोराला आपण काही जगावेगळे करतो आहोत असे वाटले नव्हते. देव जेवणारच, अशी त्याची समजूत होती.

आता दुसरी बाजू पाहू. १८१९ साली इटलीतच, पादुआजवळच्या लेन्यारो गावी एका शेतकऱ्याच्या घरी मक्याच्या कण्यांचा घाटा रात्रीत रक्तासारखा लाल झाला. गावाने त्या घरावर भुताटकीचा आळ घेतला. बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने तो घाटा नेला, ओलसर उबेत ताज्या घाट्यावर त्याचा अंश ठेवला, आणि तो नवा घाटाही लाल झाला. अतिसूक्ष्म जीवांची ती वाढ होती. त्याने तिला सेराशिया असे नाव दिले. दमट जागी ठेवलेल्या भाकरीवर हे जीव रक्ताच्या थेंबांसारखे डाग उमटवतात. बोल्सेनाचा उलगडा याच जंतूंत आहे, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. आणि चर्चही नेहमी चमत्काराच्याच बाजूला उभे असते असे नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी धर्मप्रांतात पाण्यात ठेवलेली चकती लाल झाली, लोकांची रीघ लागली. तेव्हा तिथल्या धर्मप्रांतानेच तपासणी करवून घेतली आणि ती साधी लाल बुरशी असावी, चमत्कार नव्हे, असे जाहीर केले. चर्चने मान्य केलेला चमत्कारसुद्धा मानलाच पाहिजे, असे कॅथलिक माणसावर बंधन नाही. हेही मला वाचूनच कळले. वर्गात हसण्यापूर्वी कळले असते तर बरे झाले असते.

पण बिझिओला जे सूक्ष्म जीव सापडले, त्यांची माहिती नसल्याची किंमत काही माणसांनी फार भयंकर दिली होती. मध्ययुगीन जर्मनीत अफवा उठायच्या की ज्यूंनी पवित्र भाकर चोरली, तिला सुऱ्या खुपसल्या आणि तिच्यातून रक्त आले. १२९८ साली रोटिंगेन गावी अशी अफवा उठली आणि रिंडफ्लाइश नावाच्या माणसाने जमाव गोळा करून गावेच्या गावे पालथी घातली. काही महिन्यांत हजारो ज्यू स्त्रिया, पुरुष, मुले मारली गेली. १५१० साली बर्लिनमध्ये याच आरोपावरून ३८ ज्यूंना जिवंत जाळले. डेगेनडॉर्फ गावी १३३८ च्या अशाच हत्याकांडाची आठवण म्हणून चमत्काराची यात्रा भरत होती. ती तिथल्या बिशपांनी बंद केली १९९२ साली!

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. भाकर मोडून सर्वांना वाटणाऱ्या माणसाच्या नावाने, त्याच भाकरीच्या निमित्ताने, त्याच्याच जातिकुळीची माणसे जाळली गेली. भाकरीवर खरोखर रक्त होते की नव्हते, हा प्रश्न तिथे किती लहान होऊन जातो! समजा, एका गावात ते खरेच असते. म्हणून तो जाळ न्याय्य ठरला असता काय?

आपल्या राज्यातही हा वणवा नाही तरी ठिणगी पडली आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या चर्चबाहेर येशूच्या क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. सनल एडामारुकू यांनी तुंबलेल्या मोरीचे पाणी भिंतीतून झिरपून वर चढते आहे असे दाखवून दिले. मग धर्मभावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. पाणी कुठून येते हे सांगणाऱ्यावर रागावण्याचे कारण काय? तपासणे हा देवाचा अपमान नव्हे. दाभोलकरांची चळवळही हेच सांगत आली की, आमचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही; देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे. मी वर्गात काय केले? तपासले काहीच नाही, फक्त हसलो. फसवणूक कोणाची झाली होती, शोषण कोण करीत होते, हेही विचारले नाही. एका बारा वर्षांच्या मुलीला साठ जणांत एकटे पाडले, आणि त्याला विवेक हे नाव दिले.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा आजींकडे गेलो. या वेळी मी धीर करून विचारले, "आजी, तुमचा विश्वास कधी डळमळला नाही?"

"गव्हाची चव लागते म्हणून नाही डळमळला," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी सांगितले. आईच्या सोन्याच्या पाटल्यांवरून पाचगणीच्या धाकट्या बहिणीशी त्यांचे बिनसले होते. "चार वर्षं मी मिस्साला जात होते, पण प्रसाद घ्यायला उठून पुढं गेले नाही. बाकावर बसून राहायचे."

"कोणी अडवलं?"

"कोण अडवणार? फादरना काय ठाऊक! माझे पायच उठायचे नाहीत. मग एकदा नाताळाच्या आधी एस.टी.त बसले नि गेले पाचगणीला. तिनं दार उघडलं. पाटल्यांचं काही बोललो नाही आम्ही. तिनं चहा केला. पुढच्या रविवारी मी उठले."

बायबलात हे लिहिलेले आहे. भावाचे मन तुझ्याविषयी कलुषित असेल तर वेदीपाशी दान ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर, असे येशू सांगतो. करिंथच्या मंडळीत श्रीमंत पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. तेव्हा हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौलाने त्यांना खडसावून लिहिले. म्हणजे भाकरीत देव आहे की नाही याची परीक्षा, त्या धर्माच्याच ग्रंथाप्रमाणे, भाकरीवर होत नाही. ती खाणाऱ्यावर होते!

या कसोटीची ओळख सातारकरांना वेगळ्या वाटेने झालेली आहे. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एका पंगतीला बसून जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. त्या भाकरीवर कोणाला चेहरा दिसला नाही. ज्वारीची भाकरी ज्वारीचीच राहिली. पण जी पोरे एकमेकांच्या सावलीला भीत आली होती, ती एका ताटाला बसून उठली तेव्हा पूर्वीची राहिली नव्हती. कॅथलिक माणूस म्हणेल, आमच्या संस्काराची तुलना वसतिगृहाच्या जेवणाशी करू नका. त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्याच्या श्रद्धेचे मी एवढ्यावर वाटोळे करून टाकणार नाही. मला इतकेच म्हणायचे आहे की, अन्न पवित्र मानणाऱ्या माणसावर एक जबाबदारी येते. ती जबाबदारी टाळायची असली म्हणजे माणूस चमत्काराकडे पाहत बसतो. किंवा चमत्काराला हसत बसतो. दोन्हींत वेळ चांगला जातो.

हे मी अधिकाराने सांगू शकतो. कारण ती टाळाटाळ मी सहा वर्षे केली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगलीचे आमचे घर माळ्यापर्यंत पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर दुरुस्तीच्या खर्चावरून मी आणि दादा भांडलो. कोणी किती घातले, घर कोणाच्या नावावर, आईचे कोणी केले, असे सगळे निघाले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही. ज्याच्याबरोबर दुधाची वाटी घेऊन दोन तास उभा होतो, त्याला सहा वर्षांत एक फोन केला नाही. दूध का ओढले जाते ते मला ठाऊक होते. त्या ज्ञानाने मला सांगलीच्या गाडीत मात्र बसवले नाही. आजींच्या श्रद्धेने त्यांना पाचगणीच्या गाडीत बसवले होते.

विळक्कन्नूरच्या त्या चकतीवर खरोखर काय आहे? माझा कल अजून शंकेकडेच आहे, आणि मुलांना मी शंका घ्यायलाच शिकवीन. पण यापुढे हसून नव्हे. जुलैमध्ये मी सातवीच्या वर्गात उभे राहून सगळ्यांदेखत त्या मुलीची माफी मागितली. ती लाजली. मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "सर, मग तो चेहरा खरा आहे?" मी म्हणालो, "तपासून पाहावा. पण तोवर ज्यांना तो दिसतो, त्यांच्याशी आपण कसे वागतो, ते आधी तपासू."

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळ झालेला असेल. आमच्याकडे यंदा एक डबा जास्त भरला जाणार आहे. बायकोने न विचारताच पितळेचा मोठा डबा माळ्यावरून काढून घासून ठेवला आहे. पाडव्याच्या दिवशी सकाळी सात वाजता सातारा स्टँडवरून सांगलीची गाडी आहे. दादा दार उघडील की नाही, हे मला सांगता येत नाही. उघडले तर घराचा विषय मी काढणार नाही. चहा मिळाला तर घेईन.